तुम्ही विचारलंत म्हणून: फुटबॉलच्या मैदानात अणुभट्टी कशी आली?

शिकागोला आमच्याकडे येणाऱ्या मराठी पाहुण्यांच्या यादीत दोन ठिकाणं ठरलेली असतात. एक, विवेकानंदांनी १८९३ साली भाषण दिलं ती जागा. दुसरं, पाहुण्यांत कुणी विज्ञानवाला असेल तर, जगातली पहिली अणुभट्टी. पहिली जागा शहराच्या मध्यात, आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत. दुसरी विद्यापीठाच्या आवारात, एलिस ॲव्हेन्यूवर. तिथे आता भट्टीबिट्टी काही नाही. हेन्री मूरचं ब्राँझचं शिल्प आहे, बघणाऱ्याला कवटी वाटेल किंवा अणुस्फोटाचा ढग. पण २ डिसेंबर १९४२ ला दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी एन्रिको फर्मी आणि मंडळींनी अणूंची साखळी प्रक्रिया पहिल्यांदा चालवून दाखवली ती इथेच, फुटबॉलच्या मैदानाच्या पश्चिमेकडच्या स्टँडखाली. एवढं सांगितलं की प्रश्न येतोच: "फुटबॉलच्या मैदानात? मग सामने कुठे व्हायचे?"

सामने होतच नव्हते. १९३९ च्या डिसेंबरात विद्यापीठाने फुटबॉलचा संघच मोडीत काढला होता. मैदान होतं, हजारो माणसं बसतील एवढे स्टँड होते, खेळणारं कुणी नव्हतं. बहुतेकांचं तेवढ्यावर समाधान होतं. ज्यांचं होत नाही ते पुढे विचारतात, एवढं मोठं मैदान बांधायचं आणि मग खेळच बंद करायचा, हा काय प्रकार? त्याचं उत्तर द्यायला मला ते मैदान ज्याच्या नावाचं होतं त्या माणसापासून सुरुवात करावी लागते. एमोस अलोन्झो स्टॅग. वय वर्षं १०२ जगला, आणि त्यातली सत्तर वर्षं शिट्टी गळ्यात घालून काढली.

आधी एक खुलासा. इथे फुटबॉल म्हणजे पेले-मेस्सीचा नव्हे. लांबुळका चेंडू काखेत धरून पळण्याचा, आडवं येईल त्याला पाडण्याचा अमेरिकन फुटबॉल. मी तो फारसा बघत नाही. स्टॅगमध्ये माझा जीव गुंतला तो खेळामुळे नाही, त्याच्या नोकरीच्या करारामुळे. ते पुढे येईलच.

स्टॅगचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ चा, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजचा. वडील जोडे शिवायचे आणि मिळेल ती मजुरी करायचे. घरात आठ भावंडं. १८८४ साली तो येल विद्यापीठात गेला तो धर्मोपदेशक व्हायला. खिशात पैसे इतके कमी की बिनशेकोटीच्या माळ्यावर राहायचा आणि अर्धपोटी असायचा. पण हाताला बेसबॉल लागला की हाच मुलगा कुणाला ऐकत नसे. प्रिन्स्टनविरुद्ध एका सामन्यात त्याने २० फलंदाज बाद केले होते. न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघाने त्याच्यापुढे मोठ्या पगाराचा करार ठेवला. त्याने तो नाकारला. व्यावसायिक बेसबॉलच्या मैदानावर तेव्हा दारू विकली जाई आणि ते वातावरण त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. गरिबाघरच्या मुलाने एवढ्या पैशांना नाही म्हणणं मला आजही चकित करतं. पुढे या माणसाच्या काही गोष्टी सांगणार आहे ज्या तितक्याशा सोज्वळ नाहीत, म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

येलला तो फुटबॉलही खेळला, आणि तिथे त्याला वॉल्टर कॅम्प भेटला. रग्बीतून आजचा अमेरिकन फुटबॉल घडवण्यात सर्वांत मोठा वाटा कॅम्पचा. त्याच्या हाताखालच्या १८८८ च्या येल संघाने १३ सामने खेळून ६९८ गुण केले आणि त्यांच्यावर चढले शून्य. आकडा छापताना चुकलेला नाही. पुढच्या वर्षी देशभरातल्या महाविद्यालयांतून निवडक अकरांचा पहिला 'ऑल अमेरिका' संघ जाहीर झाला, त्यात स्टॅग होता. त्याच संघात प्रिन्स्टनचा एडगर ॲलन पो होता. कवी नव्हे, कवी तेव्हा जाऊन चाळीस वर्षं झाली होती. त्याच घराण्यातला, त्याच नावाचा मुलगा.

आता धर्मोपदेशक व्हायचं राहिलं कसं? स्टॅग देवभोळा होता, पण बोलायला उभा राहिला की शब्द अडायचे. लोकांना हलवून सोडणारं प्रवचन आपल्याच्याने होणार नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि देवाचं काम मैदानावरून करायचं असं त्याने ठरवलं. हे वाक्य वाचायला गोड वाटतं. त्या काळात ती एक चळवळ होती. सुदृढ शरीर हाच ख्रिस्ती चारित्र्याचा पाया असं मानणारी मंडळी वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेभोवती जमली होती, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला त्यांची प्रशिक्षण शाळा होती. स्टॅग १८९० मध्ये तिथे गेला. त्याने तिथे फुटबॉलचा संघ बांधला आणि मधल्या जागेवर, सेंटरला, जेम्स नेस्मिथ नावाच्या एका कॅनेडियन सहकाऱ्याला उभं केलं. मलाच का, असं नेस्मिथने विचारलं तेव्हा स्टॅगचं उत्तर होतं की सगळ्यांत वाईट गोष्टी तू सगळ्यांत सभ्यपणे करतोस. १८९१ च्या हिवाळ्यात याच नेस्मिथने, बाहेर बर्फ आणि आत कंटाळलेली मुलं यावर उपाय म्हणून, बास्केटबॉल शोधून काढला. त्याचा पहिला जाहीर सामना ११ मार्च १८९२ ला झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. विद्यार्थी ५-१ ने जिंकले. शिक्षकांचा तो एकुलता एक गुण स्टॅगचा.

या शाळेचा धागा आपल्याकडेही येतो. हॅरी क्रो बक हा तिथेच शिकलेला माणूस. त्याने १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताचा संघ गेला तो त्याच्याच देखरेखीखाली. त्या ऑलिंपिकला अमेरिकेच्या धावपटूंच्या प्रशिक्षकांत स्टॅगही होता. दोघांची तिथे गाठ पडली का, पडली असेल तर काय बोलले, याचं मला उगीच कुतूहल आहे.

तर करार. येलला स्टॅगला बायबल शिकवणारे एक प्राध्यापक होते, विल्यम रेनी हार्पर. हिब्रू भाषेचे मोठे पंडित, आणि माणूस म्हणून अफाट उद्योगी. रॉकफेलरच्या पैशातून शिकागोला नवं विद्यापीठ उभं राहत होतं, त्याचे हार्पर पहिले अध्यक्ष. त्यांनी स्टॅगला न्याहारीला बोलावलं. पुढची हकिगत स्टॅग स्वतः सांगायचा. हार्पर म्हणाले, शारीरिक शिक्षणाचा विभाग सांभाळ, वर्षाला १५०० डॉलर. स्टॅग विचारात पडून गप्प. हार्पर म्हणाले, २००० आणि सहायक प्राध्यापकपद. स्टॅग गप्पच. हार्पर म्हणाले, २५०० आणि सहयोगी प्राध्यापकपद, म्हणजे तहहयात नेमणूक. स्टॅगला खरं तर पैशाचं पडलंच नव्हतं, हे काम आपल्या हातून देवाला हवं आहे का एवढंच तो मनाशी तपासत होता, असं त्याचं म्हणणं. माझा त्यावर विश्वास आहे. पण परिणाम बघा. खेळाच्या कोचला प्राध्यापकाचा दर्जा, कायम नोकरी आणि थेट अध्यक्षांपर्यंत पोच, असं तोवर अमेरिकेत कुठे घडलं नव्हतं. विभागाचं अंदाजपत्रक त्याच्या हातात, तिकिटांचा पैसा त्याच्या हातात. इतर प्राध्यापकांना त्यात नाक खुपसायला फारशी जागा नव्हती.

हार्परना हे का हवं होतं? नवं विद्यापीठ कुणाला माहीत नव्हतं. पूर्वेकडच्या हार्वर्ड-येलला अडीच-दोनशे वर्षांची पुण्याई. शिकागोकडे नवे दगड आणि रॉकफेलरचा चेक. वर्तमानपत्रांत रोज नाव छापून यायला एकच रस्ता होता. असे संघ तयार कर की देशभर पाठवून सगळ्या कॉलेजांना लोळवता येतील, हवा तर त्यांना आलिशान डबा देऊ, असं हार्परनी स्टॅगला आधीच कळवून टाकलं होतं. एका सामन्याच्या मध्यंतरात हे हिब्रूचे पंडित स्वतः खेळाडूंच्या खोलीत गेले आणि रॉकफेलरसाहेबांनी आज एवढी मोठी देणगी दिली आहे, तुमचा खेळ बघून मात्र आपलं विद्यापीठ मोठं होईल का अशी शंका येते, असं काहीसं सुनावून आले, अशी गोष्ट सांगतात.

विद्यापीठ १ ऑक्टोबर १८९२ ला उघडलं आणि त्याच दिवशी स्टॅगने सराव लावला. पोरं आली ती जेमतेम संघ उभा राहील एवढी. म्हणून पहिल्या हंगामात तिशीतला हा कोच स्वतःच मैदानात उतरून खेळला, तेव्हा ते चालायचं. सुरुवातीचे सामने तर आसपासच्या शाळांशी. विवेकानंद पुढच्या वर्षी शहरात आले तेव्हा विद्यापीठाला उणंपुरं एक वर्ष झालं होतं आणि शेजारच्या मिडवेवर जागतिक प्रदर्शनाचं प्रचंड चक्र, पहिलं फेरिस व्हील, फिरत होतं. मार्शल फील्ड या बड्या दुकानदाराने खेळायला जमीन दिली. मैदानाला आधी त्याचंच नाव होतं, स्टॅगचं नाव १९१३ च्या सुमारास लागलं. माणूस जिवंत, नोकरीत, रोज त्याच मैदानावर, आणि फाटकावर त्याचंच नाव.

१८९४ मध्ये त्याने स्टेला रॉबर्टसनशी लग्न केलं. ती त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. त्या नाताळात संघ रेल्वेने थेट कॅलिफोर्नियाला खेळायला गेला आणि नवपरिणीत बाई बरोबर गेल्या. तोच मधुचंद्र. नाताळच्या दिवशी त्यांनी स्टॅनफर्डला हरवलं. स्टॅनफर्डचा कोच होता वॉल्टर कॅम्प, स्टॅगचा गुरू. पुढची कित्येक वर्षं स्टेलाबाई सामन्यांच्या नोंदी ठेवत, प्रतिस्पर्धी संघाचे डाव कागदावर उतरवून घेत, आणि त्या कागदांवरून स्टॅग पुढच्या शनिवारची तयारी करी. आजच्या भाषेत त्यांना विश्लेषक म्हणतील आणि पगार देतील.

स्टॅगची शिकवण्याची तऱ्हा ऐकून मला कोल्हापूरच्या तालमीतले जुने वस्ताद आठवतात. पोराने काय खायचं, कधी झोपायचं, कुणाबरोबर हिंडायचं, सगळं त्यांच्या अखत्यारीत. दारू नाही, सिगरेट नाही, शिवी नाही. स्टॅगची स्वतःची सर्वांत जहाल शिवी 'गाढव'. फारच चुकलं तर 'दुप्पट गाढव'. म्हणतात की हंगाम संपेपर्यंत संघात एकही मनुष्यप्राणी उरत नसे. सायटिकाने पाय धरले तेव्हा तो विजेवर चालणाऱ्या छोट्या मोटारीत बसून मैदानाच्या कडेने फिरत सराव घ्यायचा.

खेळातल्या नव्या युक्त्यांची त्याच्या नावावर भली मोठी यादी आहे. आडवं पाडण्याच्या सरावासाठी टांगलेलं पोतं, डाव सुरू होण्याआधीच एका खेळाडूला हलतं ठेवणं, एकीकडे पळतोय असं भासवून चेंडू दुसरीकडे देणं. नोत्र दामचा प्रख्यात कोच नूट रॉकनी म्हणायचा की सगळा फुटबॉल स्टॅगकडूनच आलाय. यादी थोडी फुगलेली आहे. गोल करून कुजबुजत डाव ठरवण्याची पद्धत, जिला हडल म्हणतात, तिचं श्रेयही कुणीकुणी त्याला देतात; पण वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजातल्या मुलांनी ती १८९० च्या दशकातच काढली होती. हातवाऱ्यांची भाषा समोरच्या संघाला दिसू नये म्हणून. मला हे कारण जास्त पटतं.

त्या काळातला खेळ मारका होता, आणि ते विसरून स्टॅगबद्दल बोलणं बरोबर नाही. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, चेंडू पुढे फेकायला बंदी. म्हणजे उपाय एकच, सगळ्यांनी एकमेकांना धरून माणसांची पाचर करायची आणि समोरच्या फळीत घुसायचं. अशा घुसखोरीचे डाव बसवण्यात स्टॅगही मागे नव्हता. हेल्मेट सगळे घालत नसत. १९०५ च्या एका हंगामात दीड डझनाच्या आसपास मुलं मेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसला बोलावून घेतलं, काही विद्यापीठांनी खेळ सोडला. १९०६ ला नियम बदलले: चेंडू पुढे फेकायला परवानगी, पाच यार्डांऐवजी दहा. नियम समितीत स्टॅग होता, आणि फेकीचे डाव बसवण्यातही तो पहिल्या काहींत होता. पूर्वेकडचे बडे संघ मात्र बराच काळ फेकीकडे नाक मुरडत राहिले.

त्याच १९०५ च्या नोव्हेंबरात स्टॅगच्या आयुष्यातला सर्वांत मोठा सामना झाला. मिशिगनचा संघ ५६ सामने अपराजित होता. शिकागोत, कडाक्याच्या थंडीत, पंचवीस हजारांवर लोकांसमोर शिकागोने त्यांना हरवलं, २-० ने. फुटबॉलमध्ये दोन गुण मिळायला समोरच्याला त्याच्याच गोलरेषेमागे पाडावं लागतं. शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलने लाथाडलेला चेंडू डेनी क्लार्क या मिशिगनच्या मुलाने गोलरेषेमागे घेतला, पळून बाहेर काढू बघितला, आणि पाडला गेला. तो तिथेच थांबला असता तर काही बिघडलं नसतं. त्या एका क्षणासाठी वर्तमानपत्रांनी त्याला जे सुनावलं ते त्याला आयुष्यभर पुरलं. सहा आठवड्यांनी हार्पर कर्करोगाने गेले, वय ४९.

एकरसॉलचं मला जास्त वाईट वाटतं. शिकागोचाच मुलगा, शहराचा लाडका, देशातला सर्वोत्तम क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचे डाव चालवणारा खेळाडू. विद्यापीठात घेतलं तेव्हाच त्याचं शालेय शिक्षण कच्चं होतं. खेळता येत होतं तोवर तो वर्गात टिकून राहिला आणि खेळण्याची मुदत संपल्यावर त्याला काढून टाकलं. पदवी नाही. पैशासाठी खेळू नये म्हणून ज्याने बेसबॉलचा करार नाकारला, त्याच्याच संघात हे घडलं. स्टॅगने शाळकरी मुलांच्या मोठमोठ्या राष्ट्रीय स्पर्धा आपल्या मैदानावर भरवल्या, त्यामागचा हेतूही निव्वळ क्रीडाप्रसार नव्हता. देशभरातले चांगले खेळाडू आयते अंगणात येत. तो ढोंगी होता असं मात्र मला म्हणवत नाही. जे आपण करतो ते मुलांच्या भल्याचंच आहे, याची त्याला इतकी पक्की खात्री होती की दुसरी बाजू बघायची त्याला गरजच पडली नाही. विचारणारं कुणी नव्हतं, कारण करारच तसा होता.

आणि लगेच दुसरं टोक. १९२२ मध्ये प्रिन्स्टनविरुद्ध शिकागो २१-१८ ने मागे, शेवटची मिनिटं, चेंडू गोलरेषेच्या तोंडाशी. शिकागोची पोरं पुन्हा पुन्हा मधूनच घुसत राहिली आणि अडत राहिली. एक फेक टाकली असती तर सामना हातात होता. मैदानाबाहेरून निरोप पाठवायला नियमांची मनाई, पण बदली खेळाडूच्या तोंडून निरोप पोचवणं सर्रास चाले. कुणी सुचवलंही. स्टॅग म्हणाला, नियम समितीला ते पसंत नाही. समितीत तो स्वतः होता. शिकागो हरलं. तो सामना टेलिफोनच्या तारेवरून न्यूयॉर्कला नेऊन रेडिओवर ऐकवला होता, म्हणजे हरणं जाहीरच.

१८९९ ते १९२४ या काळात शिकागोने पश्चिमेकडच्या मोठ्या विद्यापीठांच्या परिषदेचं, आजच्या बिग टेनचं, विजेतेपद सात वेळा जिंकलं. १९२४ नंतर एकदाही नाही. आजूबाजूच्या सरकारी विद्यापीठांनी प्रचंड स्टेडियम बांधली, विद्यार्थी त्यांच्याकडे कित्येक पट, आणि खेळाडूला झेपतील असे अभ्यासक्रमही. शिकागो मात्र दिवसेंदिवस संशोधनाकडे झुकत होतं. हार्परना नाव कमवायला फुटबॉल लागला होता. आता भौतिकशास्त्रातली नोबेलं येऊ लागली होती, नावासाठी शनिवारच्या सामन्याची गरज राहिली नव्हती.

१९२९ ला रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष झाला. वय तीस. १८९९ साली, स्टॅगच्या संघाने पहिलं विजेतेपद मिळवलं त्या वर्षी, त्याचा जन्म. हचिन्सला अभिजात ग्रंथ वाचणारी मुलं हवी होती, आणि विद्यापीठात सत्तरीला निवृत्तीचा नियम होता. १९३२ मध्ये स्टॅग सत्तर वर्षांचा झाला. त्याला एक शोभेचं पद देऊ केलं, पगार तोच. त्याने नको म्हटलं. टेबलामागे बसायला आपण अजून तरुण आहोत असं त्याचं मत. एकेचाळीस हंगामांनंतर तो सामान बांधून कॅलिफोर्नियात स्टॉकटनला गेला, 'कॉलेज ऑफ द पॅसिफिक' या छोट्याशा मेथडिस्ट कॉलेजात.

फुटबॉल बंद करण्याचा हचिन्सचा निर्णय बरोबर होता असं मी मानतो, आणि यावर आमच्या इथल्या काही मित्रांशी माझं जमत नाही. मला खटकतात ती मधली सात वर्षं. बंदच करायचा होता तर म्हाताऱ्याबरोबर करायचा. तसं न करता खेळ नुसता चालू ठेवला. जे बरवँगरसारखा खेळाडू लाभला, वर्षाच्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या, पुढे हाइझमन ट्रॉफी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बक्षिसाचा १९३५ चा पहिला मानकरी. पण एकटा तो काय करणार. १९३८ ला स्टॅग आपल्या पॅसिफिकच्या पोरांना घेऊन शिकागोला सामना खेळायला आला. वय ७६, स्वतःच्या नावाच्या मैदानात, पाहुणा म्हणून. पॅसिफिकने शिकागोला ३२-० ने हरवलं. पुढच्या हंगामात मिशिगनने शिकागोवर ८५ गुण चढवले, हार्वर्ड आणि ओहायो स्टेटने प्रत्येकी ६१, आणि शिकागोचा तिन्ही सामन्यांत भोपळा. त्या डिसेंबरात विश्वस्तांनी खेळ बंद केला. तेव्हाचा कोच क्लार्क शॉनेसी इथून स्टॅनफर्डला गेला आणि तिथे पहिल्याच हंगामात एकही सामना हरला नाही. म्हणजे कोच वाईट नव्हता.

आता अणुभट्टी. ती मुळात शहराबाहेर आरगॉनच्या रानात व्हायची होती. तिथल्या बांधकामावर कामगारांचा तंटा झाला, इमारत वेळेत होईना. फर्मीने प्रकल्पाचा प्रमुख आर्थर कॉम्प्टनला सांगितलं की स्टँडखालच्या स्क्वॉश कोर्टात करूया, माझी गणितं बरोबर आहेत. कॉम्प्टनने हचिन्सला विचारलंच नाही. कायद्याचा माणूस, तो नाही म्हणाला असता, आणि ते उत्तर चुकीचं ठरलं असतं, असा कॉम्प्टनचा हिशोब. दाट वस्तीच्या शहरात, हजारो ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम हातांनी रचून, भट्टी उभी राहिली. स्टँडखाली गरम करण्याची सोय नव्हती. रचणारे काम करून तरी ऊब आणत. दारावरचे पहारेकरी गारठत. तेव्हा जुन्या लॉकरांत फुटबॉलच्या दिवसांतले रॅकूनच्या कातड्याचे जाड कोट सापडले. लढाईच्या काळातली सर्वांत गुप्त जागा राखणारे शिपाई कॉलेजकुमारांच्या फरकोटात उभे, असं चित्र होतं. भट्टीची त्या दिवशीची शक्ती अर्धा वॉट, टॉर्चचा दिवाही नीट पेटणार नाही एवढी.

स्टॅगला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो स्टॉकटनला सराव घेत होता. १९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, देशभरच्या कोचनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम कोच निवडलं. १९४६ ला पॅसिफिकने त्याला कोचपदावरून हलवलं तर तो पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना विद्यापीठात मुलाच्या जोडीने कोच झाला. मुलाचं नावही एमोस अलोन्झो. तिथे सहा हंगाम. मग स्टेलाबाईंची प्रकृती बिघडली म्हणून परत स्टॉकटन, आणि तिथल्या ज्युनियर कॉलेजात पोरांना चेंडू लाथाडायला शिकवणं, वयाच्या ९६ व्या वर्षापर्यंत. १७ मार्च १९६५ ला तो गेला. त्याच्या नावावरचे ३१४ विजय बेअर ब्रायंट या कोचने १९८१ ला ओलांडले. फुटबॉलच्या गौरवभवनात तो खेळाडू आणि कोच अशा दोन्ही नात्यांनी आहे, आणि बास्केटबॉलच्याही.

जुने स्टँड १९५७ ला पाडले. त्या जागेवर १९७० मध्ये रेगनस्टाइन ग्रंथालय उभं राहिलं, आणि इथे मराठी माणसाने जरा थांबायला हरकत नाही. आपल्याकडे मिलो ज्वारी आणि लाल गहू अमेरिकेच्या ज्या पी. एल. ४८० या धान्यमदतीच्या कायद्याने आला, त्याचे पैसे भारताने रुपयांत दिले होते. ते रुपये अमेरिकेला भारतातच खर्च करणं भाग होतं. १९६२ पासून त्यातून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन निवडक अमेरिकन विद्यापीठांना पाठवली जाऊ लागली, शिकागो त्यांपैकी एक. त्यामुळे एकरसॉल जिथे चेंडू लाथाडायचा तिथे आता मराठी कादंबऱ्या, संतवाङ्मय, मासिकांचे जुने अंक यांची कपाटंच्या कपाटं आहेत. पुण्यात न सापडलेलं पुस्तक मला इथे सापडलेलं आहे.

फुटबॉलही परत आला, विचारलंत तर. १९६३ ला क्लबच्या पातळीवर पहिला सामना ठरला तेव्हा विद्यार्थ्यांनीच मैदानात ठिय्या मारून तो अडवायचा प्रयत्न केला. १९६९ पासून रीतसर संघ आहे, तिसऱ्या श्रेणीत, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. त्या श्रेणीच्या राष्ट्रीय अंतिम सामन्याचं नाव स्टॅग बोल. नवं स्टॅग फील्ड जुन्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पश्चिमेला, आणि शरदातल्या शनिवारी सामना असतो. स्टँड लहान आहेत, जागा मिळते.